दोनदा म्हणायची जागा

ये गं शुभे, अशी जवळ सरकून बस. तू पुण्यात आणि मी इथं काशीत रामघाटाच्या गल्लीत, हे ठाऊक आहे मला. मनानं तर सरकशील? आणि तो मोबाइल आधी पालथा ठेव. त्याच्यापायीच रागवायचंय तुला. गेल्या श्रावणात आमच्या मुकुंदाचा नवा अल्बम आला, तर तू सख्खी मावसबहीण असून घरच्या ग्रुपवर काय लिहिलंस? "मावशी, दादाचं या वेळी काही जमलं नाही गं, मधेमधे बंदच पडतंय." आणि खाली ते तोंड वाकडं केलेलं पिवळं बाहुलं. अर्ध्यातच बंद केलंस ना गाणं? खरं सांग. ताट पुरतं जेवल्याशिवाय भाजीला नावं ठेवू नयेत, हे तुझ्या आईनं शिकवलं नसेल तर तिची मोठी बहीण अजून जिवंत आहे.

बरं, रागावले नाही हो. आज पुन्हा पाणी चढायला लागलंय, म्हणून हे सगळं वर आलं.

सकाळी दुधवाला आला तोच म्हणाला, "माताजी, बढ़ाव पर हैं." कोण, ते सांगावं लागत नाही. भादवा लागला की आमच्याकडे एकाच व्यक्तीच्या तब्येतीची चौकशी होते. गंगाजी चढत असल्या तर बढ़ाव, थांबल्या तर ठहराव, उतरायला लागल्या की घटाव. या तीन शब्दांवर आमचे दोन महिने जातात. खालच्या पायऱ्या जातात, मग घाटावरच्या पंड्यांच्या छत्र्या जातात, मग घाटावरची छोटी देवळं कळसापर्यंत बुडतात आणि एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाट मोडते. नावा बांधून पडतात. सांड पाण्याला कंटाळून गल्लीत चढून येतात आणि आपल्याच दारात आपल्याला आडवे उभे राहतात. काडेपेटी पेटत नाही, पापड चामड्यासारखे होतात, आणि घरभर एक ओल्या मातीचा, कुजक्या फुलांचा वास. तुला लहानपणी तो वास आवडायचा. मला कधीच आवडला नाही. त्या वासात माझे कान मोठे होतात. मुकुंदाचे वडील होते तेव्हा त्यांच्या छातीची घरघर याच दिवसांत वाढायची, आणि एका भाद्रपदात ते त्या घरघरीतच गेले. तेव्हापासून पाणी चढलं की मी घरातल्या माणसांचे श्वास ऐकत बसते. काय करू, खोडच लागली.

आता तुला त्या पोरांचं मुळापासून सांगते. पोरं कसली, दोघांचे केस पांढरे झाले. एक आमचा मुकुंदा, दिवसा रेल्वेच्या कचेरीत, आणि दुसरा बचाऊ, आपल्या मल्लाहाचा, नाववाल्याचा, मुलगा. वीस-बावीस वर्षांपूर्वी या दोघांनी रॅप का काय ते सुरू केलं. म्हणजे गाणं नव्हेच ते, बोलणं. पण तालात आणि दम न घेता. बचाऊ तोंडानं ढोल वाजवायचा, मुकुंदा बोलत सुटायचा. टोळीचं नाव ठेवलं 'सांड-सीढ़ी'. काशीत जुनी म्हण आहे ना, रांड, सांड, सीढ़ी, संन्यासी, यांच्यापासून वाचलात तरच काशीत राहा. मी बचाऊला विचारलं होतं, "का रे, पहिला शब्द गाळलात तो माझ्या भीतीनं का?" मी तेव्हा नुकतीच विधवा झालेली. तो जीभ चावून म्हणाला, "अरे ना चाची! हमनी में कौनो मेहरारू नइखे, एही से!" म्हणजे आमच्यात बाईच नाही, म्हणून! मी किती महिन्यांनी हसले असेन त्या दिवशी.

त्यांचा पहिला अल्बम 'बढ़ाव'. तुझ्या लग्नात मांडवामागे वाजवला म्हणून तुझ्या सासऱ्यांनी कपाळाला हात लावला होता, तो. काय वेग होता गं! श्वास कुठं घेतो तेच कळायचं नाही. लोक त्यासाठीच यायचे. अस्सी घाट काय, लंका मोहल्ला काय, पोरं पैज लावायची की मुकुंद भैया या वेळी कुठं दम घेतो दाखव. त्याची ख्यातीच ती झाली. दम न घेणारा माणूस.

आणि मग इतक्या वर्षांनी, गेल्या श्रावणात, 'घटाव'.

पहिल्यांदा मी ऐकलं ते दुपारी, तांदूळ निवडता निवडता. मुकुंदा एक ओळ बोलला आणि गप्प. नुसता बचाऊचा ताल, ठक… ठक… ठक. मला वाटलं नेट अडकलं. मी मोबाइल झटकला, खिडकीशी नेला, बंद करून चालू केला. पुन्हा तेच. एक ओळ, मग मोकळी जागा. दुसरी ओळ, मग मोकळी जागा. तुला सांगते, माझ्या हातातलं सूप तिथंच राहिलं. तुम्हांला गाणं बंद पडल्यासारखं वाटलं. मला माझ्या पोराचा दम संपल्यासारखा वाटला.

मग सुरू झाली लोकांची तोंडं. बनारसमध्ये चहाच्या अड़ीवर ज्याला मत नाही त्याला चहासुद्धा मिळत नाही. कोणी म्हणे, नावच घटाव ठेवलंय, मग घटलेच की! कोणी म्हणे, पहिल्यांदाच कळलं हे दोघं बोलतात काय, एवढी वर्षं नुसती रेलगाडी जात होती. पानवाल्यानं मला पुडीत सुपारी बांधून देता देता सांगितलं, "चाची, बात गहरी है, लेकिन मज़ा नहीं आया." कोल्हापूरच्या त्या बँकेतल्या बाई आहेत ना, हळदीकुंकवाला येतात, त्या म्हणाल्या, "कविता म्हणून ऐकलं तर छान आहे हो काकू, पण याला रॅप नाही म्हणत." म्हटलं, बाई, मला दोन्हींतलं काही कळत नाही, वाण घ्या. इथल्या एका पेपरात आलं, 'धार कम, ठहराव ज़्यादा.' मी ते कात्रण देवाजवळ ठेवलं! आमच्याकडे भाद्रपदात ठहराव म्हणजे पेढे वाटायची बातमी. मुकुंदा बघून म्हणाला, "आई, ती शिवी आहे." म्हटलं, असू दे, देवाला कुठं कळतंय.

पण एक वाक्य होतं त्या मोबाइलवर, कुणा अनोळखी पोराचं. 'सांड बूढ़ा हो गया, अब सीढ़ी पर बैठ के हाँफ रहा है.' लोक त्यावर हसून हसून अंगठे दाखवत होते. मला हसू येईना. हाँफ रहा है, धापा टाकतोय. त्या पोरानं थट्टेत लिहिलं, आणि मी आठ दिवस तेवढ्याच शब्दावर मुकुंदाला ऐकत होते. जिना चढताना वळणावर थांबतो, मग तिथं उभं राहून मोबाइल बघतो. मोबाइल बघतो की थांबायला निमित्त काढतो? आंघोळ करताना पूर्वी बडबडायचा, आता नाही. जेवताना गप्प. विचारलं तर, "कुछ नहीं आई, ऑफिसचं टेन्शन." मला ठाऊक आहे गं, तुमच्या पिढीला सगळं टेन्शनच असतं. पण टेन्शननं खांदे वर उचलून कुणी श्वास घेत नाही. तसा श्वास मी एकदा पाहिला आहे.

अशात गणपती आले. पाणी तेव्हा वरच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. दुर्गाघाटावर गुरुजींच्या घरी आपला दरवर्षीचा गणपती. गुरुजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे शिष्य, घनपाठी, आता ऐंशीच्या घरात. तुला आठवेल, आमच्या ओसरीवर सासरे वेदाची संथा द्यायचे. संथा म्हणजे पाठ: गुरुजींनी एकदा म्हणायचं, समोरच्यांनी लगेच दोनदा. एकदा, दोनदा. एकदा, दोनदा. पुस्तक नाही, काही नाही, वर्षानुवर्षं नुसतं तोंडातून कानात. मुकुंदा मुंजीनंतर चारपाच वर्षं तिथं बसला. मला कुणी संथा दिली नाही, पण दाराआड पोळ्या लाटताना ती माझ्या लाटण्यात उतरली होती.

तर आरती झाली, प्रसाद झाला. बाहेर पाऊस, लाइट गेलेली. गुरुजी आणि त्यांचे संथेतले तीन-चार जुने सोबती भिंतीला टेकून सुस्तावले होते. गुरुजी म्हणाले, "मुकुंदा, तुझ्या त्या बडबडीला सगळं गाव नावं ठेवतंय म्हणे. आम्हांला तरी ऐकव, म्हणजे आम्हीही ठेवू." मुकुंदा नको नको म्हणत होता. बचाऊ सोबत होताच. त्यानं मोबाइल काढला आणि आवाज मोठा यावा म्हणून पितळेच्या तपेल्यात ठेवला. तपेल्यातून मुकुंदाचा आवाज आला:

"पानी चढ़ल त सब कोई नापे."

आणि गप्प. ठक… ठक… आणि शुभे, माझ्या डोळ्यांदेखत गुरुजींचा हात मांडीवरून उचलला गेला. डोळे मिटलेले. स्वर लावून, हात वर-खाली करत, गुरुजी आणि ते तिघे-चौघे म्हाताऱ्या गळ्यांनी म्हणाले, "पानी चढ़ल त सब कोई नापे, पानी चढ़ल त सब कोई नापे." ताल बरोबर तिथंच संपला आणि मुकुंदाची पुढची ओळ आली:

"उतरल त कवन बकलोल नापे."

पाणी चढलं की सगळे मोजतात, उतरलं की कोण मूर्ख मोजतो! आणि हे वेदमूर्ती, गणपतीसमोर, उदात्त-अनुदात्त सांभाळून, "कवन बकलोल नापे, कवन बकलोल नापे!"

आतून गुरुजींच्या पत्नी ओरडल्या, "अहो! काय म्हणताय देवापुढे?"

गुरुजींनी खाडकन डोळे उघडले. "मी? मी कुठं काय म्हणालो? संथा चालली होती!"

मग जे हसणं सुरू झालं! एक गुरुजी हसता हसता आडवे झाले. त्यांचं तोंड पाहून बचाऊ भिंतीवर हात मारत होता. मी पदर तोंडात कोंबला होता. आणि हसता हसता माझ्या डोक्यात उजेड पडला, की अगं, ती जागा रिकामी नाहीच! बरोबर दोनदा म्हणण्याएवढी आहे. श्वास घ्यायला एवढी जागा लागत नाही. आपण उगाच भ्यालो. पोरानं मुद्दाम सोडली आहे ती, दुसऱ्यासाठी. आठ दिवसांचा दगड छातीवरून उतरला माझ्या.

तेवढ्यात मुकुंदाही हसला. कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. आणि ते हसणं खोकल्यात गेलं, खोकला थांबेना, खांदे वर, गळ्याच्या शिरा ताठ. सगळे "पाणी द्या, पाणी द्या" करत होते. बचाऊनं पाणी नाही दिलं. त्यानं शांतपणे आपल्या, स्वतःच्या सदऱ्याच्या खिशातून दम्याचा पंप काढला, झाकण काढून मुकुंदाच्या तोंडाशी धरला आणि दुसरा हात पाठीवर ठेवला. त्याच्या खिशातून, शुभे. म्हणजे याला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

गुरुजींच्या जिन्यात मी दोघांना गाठलं. "कधीपासून?"

मुकुंदा म्हणाला, "आई, इथं नको."

"इथंच. खाली पाणी आहे, वर गणपती आहे, जाशील कुठं?"

मग बचाऊच बोलला. रेकॉर्डिंगला बसले की तिसऱ्या-चौथ्या ओळीला साँस टूट जात रहल. मशीनवर तुकडे जोडता येतात, कुणाला कळणारही नाही, असं तो म्हणाला होता. मुकुंदा ऐकेना. "जोड़ के सुनाएँगे तो सामने कैसे बोलेंगे? लोग स्टेज पर भी तो आएँगे." बरं, तुटतोय तसाच ठेवावा तर मधली जागा धाप लागल्यासारखी वाटायची. तेव्हा बचाऊच म्हणाला, मग जागा मोठी कर, इतनी बड़ी कि जानबूझ के लगे.

"आणि मग तुझे आजोबा आठवले?" मी मुकुंदाला विचारलं.

तो भिंतीच्या ओलीवर बोट फिरवत होता. "हो. आधी दम तुटला, मग आजोबा आठवले. लोकांना उलटं वाटलं तर बरंच आहे, आई."

त्यानंतर गणपतीचे उरलेले दिवस मी मंत्रपुष्पांजलीला उभी राहिले की वेगळंच ऐकायची. तू कधी लक्ष दिलंस का? एवढं लांबलचक म्हणताना प्रत्येकाचा दम कुठंतरी तुटतो. कुणाचा इथं, कुणाचा तिथं. पण आवाज तुटत नाही, कारण एक थांबतो तेव्हा दुसरे म्हणत असतात. आयुष्यभर मी त्या घोळक्यात उभी राहिले आणि मला वाटायचं, ही भक्ती आहे. असेल. पण कुणाचा श्वास कमी पडतोय ते झाकायचीही ती रीत असावी. एकटा माणूस थांबला की सगळ्यांना ऐकू येतं. दहांमध्ये थांबला की देवालासुद्धा कळत नाही.

पण सगळीकडे दहा नसतात गं. फाल्गुनात एका कॉलेजात त्यांना बोलावलं होतं. मीही गेले, शाल घेऊन मागच्या खुर्चीवर. मुकुंदानं पहिली ओळ टाकली आणि थांबला. समोर शेकडो पोरं, आणि सगळी गप्प. त्यांना काय ठाऊक त्या जागेत काय करायचं असतं? मी एकटी म्हणाले दोनदा. माझा आवाज पुढच्या खुर्चीपर्यंतसुद्धा गेला नाही. दुसरी ओळ, पुन्हा गप्प. मग कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी ओरडलं, "पुराना वाला सुनाओ भैया, थक गए क्या?" मी मुकुंदाचा चेहरा पाहिला आणि मनात म्हटलं, नको रे, नको रे बाळा. त्यानं बचाऊकडे नुसतं पाहिलं. बचाऊ मान हलवून नाही म्हणत होता. आणि मुकुंदा सुटला! जागाबिगा काही नाही, वीस वर्षांपूर्वीचा मुकुंदा, तीच रेलगाडी. पोरं खुर्च्यांवर चढून नाचत होती. मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. टाळ्या वाजत होत्या तेव्हा तो पडद्यामागे भिंतीला पाठ लावून घसरत खाली बसला होता. नखं निळी. बचाऊ त्याचे तळवे चोळत होता आणि रडत होता.

डॉक्टर म्हणाले, बोलणं बंद करायची गरज नाही, पण एका दमात हे असं पुन्हा केलंत तर मी हमी देत नाही. तरुण डॉक्टर होता. जाताना हळूच म्हणाला, "सर, मैंने 'बढ़ाव' हॉस्टल में बहुत सुना है." मुकुंदाचं तोंड उजळलं. मी त्या डॉक्टरला मारायचीच बाकी होते. अरे, तेच तर औषधाच्या उलट आहे!

म्हणून सांगते शुभे, मला आता पाण्याची भीती वाटत नाही. पाणी चढेल, थांबेल, उतरेल, मग आम्ही महिनाभर घाटावरचा गाळ धूत बसू. मला भीती वाटते ती कार्तिकातल्या एका संध्याकाळची. बचाऊच्या घाटावर, मल्लाहांच्या मंडळानं ठरवलंय, पाणी उतरलं की तिथं पायऱ्यांवर 'घटाव' पुरा म्हणायचा. फाल्गुनापासून दोघांनी कुठल्याच स्टेजवर पाऊल ठेवलं नव्हतं, आता म्हणतात हेच एकदा नीट होऊ दे. मी नको म्हणाले. रुसले, जेवले नाही, सगळं केलं. मुकुंदा म्हणतो, "आई, गप्प बसलो तरी दम तेवढाच राहणार आहे."

पण त्याचा स्वभाव मी ओळखते. समोर सन्नाटा झाला की तो ती जागा एकट्यानं भरणार. लाज वाटते त्याला रिकाम्या जागेची. पायऱ्या भरतील, त्याची चिंता नाही; काशीत मोफत काही असलं की लोक येतात. मला माणसं नकोत, गळे हवेत. ओळ आली की न लाजता दोनदा म्हणणारे. सुरुवातीच्या दोन-चार ओळींना जरी कुणी आवाज दिला ना, की बाकीचे आपोआप लागतात, मी पाहिलंय.

गुरुजींकडे जाऊन आले परवा. त्यांना सांगितलं, सगळ्यांना घेऊन पहिल्या पायरीवर बसायचं. ते म्हणाले, "वहिनी, बसतो. गळा आहे तोवर म्हणतो. पण तो एक शब्द मी नाही म्हणणार. एकदा चुकून गेला तेवढा पुरे, हिनं अजून त्यावरून टोमणे मारणं सोडलेलं नाही." बाकीच्या गुरुजींचंही तेच. आणि नेमकी ती बकलोलची ओळ दुसरीच आहे गं! दुसऱ्याच ओळीला सगळी पंगत गप्प झाली तर? फाल्गुनातही दुसऱ्या ओळीनंतरच शिट्टी आली होती.

तुझा गळा मोठा आहे. लहानपणी गच्चीवरून हाक मारलीस की पतंगवाले वळून बघायचे. तेवढा एक शब्द तू म्हण, जोरात, दोनदा. तुझ्या सासऱ्यांना सांगू नकोस, मी पण सांगणार नाही. ग्रुपवर काय लिहिलंस ते मी विसरले, आणि मुकुंदा तर कधीच मनात ठेवत नाही. तुला गाणं आवडायलाच हवं असंही नाही. नाही आवडलं तरी ये. म्हणून झाल्यावर नावं ठेव, तेव्हा मीही तुझ्याबरोबर ठेवीन.

तिकीट आत्ताच काढ, दिवाळीनंतर गाड्या मिळत नाहीत. कँट स्टेशनला उतरलीस की मुकुंदा येईल घ्यायला, कितीही सांगितलं तरी येईलच. मैदागिनपर्यंत रिक्षा आहे, पुढं गल्लीतून चालायचं. तो तुझी बॅग मागेल. देऊ नकोस. बोलत बोलत हळू चाल, मधे एखाद्या दुकानाशी तूच थांब, बांगड्या बघ, काहीही बघ. लवकर ये गं.